सायकलची किल्ली कुणाकडे असावी?

कडकभाकरी | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथं बरेच सोलापूरकर आहेत म्हणून लिहितेय. बाहेरगावच्यांनीही सांगा, पण आमच्याकडची रहदारी डोळ्यांपुढं ठेवून सांगा.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीला. कॉलनीत सायकल चालवायची, विजापूर रोड ओलांडायचा नाही, असं ठरलेलं. गेल्या गुरुवारी "इथंच आहे" म्हणून गेला आणि रोड ओलांडून मित्राकडं पोचला. येताना उलट्या बाजूनं आलेल्या एका मोटरसायकलवाल्यानं हँडलला धक्का दिला, हा कडेच्या खडीत पडला. मागं उसाची डबल ट्रॉली होती. ट्रॅक्टरवाल्यानं पाहिलं म्हणून वाचलो.

यातलं एक अक्षर पोरानं मला सांगितलं नाही. "लगोरी खेळताना पडलो" म्हणाला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं सांगितलं तेव्हा मी दुकानाच्या पायरीवरच बसले.

त्या रात्री सायकलला कुलूप लावलं आणि किल्ली मिसळणाच्या डब्यामागं ठेवली. ह्यांचं म्हणणं, पडल्याशिवाय शिकत नाही. सासूबाई म्हणतात, एकुलता एक आहे, भंगारात घाला ती सायकल. मी दोघांवरही चिडलेय.

आता खरी गोष्ट सांगते. आठ दिवस झाले, तो मोबाईल घेऊन सोफ्यावर पडून असतो. मागत नाही, रडत नाही. आज भाजी आणायला गेलो तर रस्ता ओलांडताना माझी ओढणी धरून चालत होता. दहा वर्षांचा मुलगा! मला वाटलं होतं मी त्याला अपघातापासून वाचवतेय.

तुम्ही किती वयाला, किती लांब, कुठल्या अटीवर सोडलं?

जुना_लष्करकर | शनिवार, रात्री ११:१५

ताई, किल्ली देऊन टाका.

आम्ही तासावर सायकल घ्यायचो. दुकानदार वहीत वेळ लिहायचा आणि पाच मिनिटं उशीर झाला तर पुढच्या तासाचे पैसे लावायचा. सगळ्या सायकली मोठ्या माणसांच्या. सीटवर बसलं की पाय लोंबकळायचे, म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची मारायची. होम मैदानावर शिकलो. घड्याळ कुणाकडं होतं? गिरणीचा भोंगा झाला की घरी. आई कधी शोधायला आली नाही. गुडघा फुटला तर हळद, हळद नसली तर माती.

आत्ताची पोरं काचेची केलीत आपण.

पूर्वभागातली | शनिवार, रात्री ११:५२

काका, तुमची आई शोधायला आली नाही, कारण तिला यायची गरज नव्हती.

मी साखर पेठेत वाढले. घरी तेलुगू, शाळेत मराठी, भांडताना दोन्ही. वडील यंत्रमागावर आणि आई, आत्या, शेजारच्या चार जणी उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसलेल्या. मजुरी हजारावर, त्यामुळं हजार होईपर्यंत कुणी उठत नसे. हात विडीवर आणि डोळे गल्लीवर. आम्हाला वाटायचं आम्ही मोकाट आहोत. प्रत्यक्षात गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा आया बसलेल्या असायच्या. मी एकदा रिक्षाच्या पुढून पळाले तर जिच्याशी आमचं पाण्यावरून भांडण होतं तिनंच उठून पाठीत धपाटा घातला, आणि घरी गेल्यावर आईनं दुसरा घातला.

ताईंच्या कॉलनीत काय आहे? बंद गेटं आणि सीसीटीव्ही. सीसीटीव्ही "ए, थांब की!" असं ओरडत नाही.

अजून एक, काका, राग मानू नका. आमच्या गल्लीतला एक मुलगा विहिरीवर पोहायला गेला तो परत आला नाही. त्याची आई "आमच्या वेळी बरं होतं" असं कधी म्हणाली नाही. त्या काळच्या गोष्टी आपण सांगतो, कारण आपण उरलो.

जुना_लष्करकर | रविवार, सकाळी ६:०५

बरोबर आहे पोरी. माझ्या वर्गात एक होता, ट्रकखाली गेला. नाव आठवतं. मघाशी लिहिताना तो आठवला नाही, आत्ता पहाटे आठवला.

प्लास्टरवाली | रविवार, सकाळी ८:३०

मी हाडांच्या ओपीडीत वीस वर्षं काम करतेय. मोकळीक द्यावी की नाही यावर बोलत नाही, माझ्या टेबलावर काय येतं तेवढं सांगते.

सगळ्यात जास्त मनगट आणि कोपर. पडताना मूल हात टेकतं, साहजिक आहे. बहुतेक हात प्लास्टरमध्ये नीट होतात. कोपराच्या वरचं हाड मोडलं तर मात्र घाई करावी लागते. बोटं गार पडली, पांढरी किंवा निळी दिसली, हलत नाहीत म्हणाला, तर हाडवैद्याकडं मालिशला नेऊ नका, सरळ दवाखाना.

दुसरं, चाकात पाय जाणं. हे चालवणाऱ्याला कमी आणि कॅरिअरवर डबलसीट बसलेल्या धाकट्याला जास्त होतं. टाचेची कातडी तारांमध्ये सोलून निघते, बरी व्हायला आठवडे जातात. चाकाला जाळी बसवा किंवा डबलसीट बंद करा.

तिसरं लोकांना माहीतच नसतं. हँडलचं टोक पोटात घुसतं. बाहेरून नाण्याएवढा वळ दिसतो, पोरगा उठून घरी येतो आणि रात्री पोट दुखतं, उलटी होते. आतमध्ये प्लीहा, यकृत, स्वादुपिंड यांपैकी काही दुखावलेलं असू शकतं. म्हणून हँडलच्या टोकाचं रबर निघालं असेल तर आजच्या आज बसवा. दहा-वीस रुपयांचं काम आहे. आणि पोटाला मार लागला होता हे पोरानं *सांगायला* पाहिजे. ताई, तुमच्या किश्श्यात मला ट्रॉलीपेक्षा त्या "लगोरी खेळताना" ची भीती जास्त वाटली.

डोकं. हेल्मेट घालाच. भुवईच्या वर दोन बोटं, त्याहून मागं सरकलेलं नको. हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम एखादं बोट जावं. वाढत्या मापाचं घेऊ नका, हलणारं हेल्मेट म्हणजे टोपी. आणि एकदा जोरात आपटलं की वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं, आतला थर्माकोलसारखा थर एकदाच काम करतो. त्याच्याकडून अपेक्षाही तेवढीच ठेवा. ट्रॉलीपुढं हेल्मेट काही करत नाही.

पाना_पंधरा | रविवार, सकाळी ९:१०

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मॅडम रबराचं बोलल्या ते लाखातलं.

आई-वडील येतात, "दोन वर्षं पुढची द्या, पोरगं वाढायलंय." अहो, शर्ट आहे का तो? सीटवर बसून दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. दांड्यावर उभं राहिल्यावर खाली हात जाईल एवढी जागा पाहिजे. दहा वर्षांच्या पोराला साधारण वीस इंची बसते, उंच असला तर चोवीस. पण आकडा बघू नका, पोराला बसवून बघा.

आणि ब्रेक. पोराचं बोट ब्रेकपर्यंत पोचतंय का, हे कुणी बघतच नाही! मोठ्या हाताच्या मापाचा लिव्हर असतो, पोरगं दोन बोटांच्या टोकानं ओढतंय. लिव्हर आत घ्यायला बारका स्क्रू असतो, दोन मिनिटांचं काम. परवा एक जण आला, डिस्क ब्रेक, गिअर, जाड टायर, सगळं होतं, घंटी नाही आणि मागचा लाल रिफ्लेक्टर काढून टाकलेला. का बे काढलास? तर म्हणे "भारी दिसत नाही." आत्ता थंडीत सहाच्या सुमाराला अंधार पडतो. ट्रॉलीवाल्याला तू भारी दिसायचं सोड, दिसला तरी बास.

फ्लॅट_४०२ | रविवार, सकाळी ११:२०

मला हा सगळा प्रकार कळत नाही. रिस्क घ्यायचीच कशाला? आमच्या मुलाला आम्ही स्विमिंग आणि बॅडमिंटनला घातलंय, गाडीनं सोडतो, गाडीनं आणतो. व्यायाम होतो, कोच असतो. रस्त्यावर अपघात एक बाजूला, मुलं पळवणारे वेगळेच. रोज व्हॉट्सॲपवर येतंय.

पूर्वभागातली | रविवार, सकाळी ११:४४

व्हॉट्सॲपवर मागच्या महिन्यात जी टोळी सोलापुरात आली होती ती त्याच्या मागच्या महिन्यात, तोच फोटो घेऊन, लातुरात होती. अशा मेसेजवरून निष्पाप माणसं मारली गेलीत. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना लोकांनी ठेचून मारलं. ते भिक्षुकी करणारे लोक होते, बहुतेक आपल्याच जिल्ह्याच्या मंगळवेढ्याकडचे. विसरू नका.

मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो, हे एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) अहवालात दरवर्षी दिसतं. त्यासाठी मुलाला घरात कोंडून काय उपयोग? "नको" म्हणायला आणि घरी येऊन सांगायला शिकवावं लागतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करून घ्या.

बाबा_दोन_मुलींचा | रविवार, दुपारी १:३०

सगळे "मुलगा" "मुलगा" लिहिताहेत म्हणून मधे बोलतो.

थोरली तेरा वर्षांची आहे. अकरापर्यंत ती संभाजी तलावापर्यंत सायकलनं जायची, माझ्या पुढं. मग घरात हळूहळू सुरू झालं, आता मोठी झाली, बरं दिसत नाही, लोक बघतात. मीही विरोध केला नाही. दोन वर्षं सायकल जिन्याखाली. धाकटा चुलतभाऊ तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, तो गावभर हिंडतो.

गेल्या महिन्यात तिनं विचारलं, "बाबा, माझ्या सायकलीला काय धोका आहे?" मी ट्रॅफिक वगैरे बोललो. ती म्हणाली, "मग त्याला ट्रॅफिक नाही का?" गप्प बसलो.

सरकारसुद्धा मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल देतं, कारण सायकल नसली की शाळा सुटते. आणि आपण सायकल असून जिन्याखाली ठेवलेली. आता दोघी बहिणी आणि शेजारची एक अशा तिघी मिळून जातात. एकीला दोघींची सोबत. मला अजून दर वेळी पोटात गोळा येतो.

साधा_वकील | रविवार, दुपारी ३:०५

एक विचित्र गोष्ट नोंदवतो. सायकलवाल्याला हेल्मेट सक्तीचं नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटरसायकलींना लागू आहे. म्हणजे सायकलीचं हेल्मेट पूर्णपणे आपल्या शहाणपणावर.

आता दुसरी बाजू. "रस्ता धोक्याचा आहे" म्हणून दहाव्या वर्षी सायकल काढून घेणारे हेच पालक चौदाव्या वर्षी "क्लास लांब आहे" म्हणून स्कूटर देतात. १६ ते १८ वयात फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं लायसन मिळतं, बाजारातल्या बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९अ वाचा. अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

ताई, तुमच्या पोराला धडकलेला उलट्या बाजूचा मोटरसायकलवाला केवढा होता, दुकानदाराला विचारून बघा.

कडकभाकरी | रविवार, दुपारी ३:२०

विचारलं होतं. "असेल अकरावी-बारावीतला," म्हणाला.

टिळकचौक_ते_उट्रेक्ट | रविवार, संध्याकाळी ५:४५

मी सोलापूरचाच, सध्या नेदरलँड्समध्ये. "तिकडं सगळं छान" हे ऐकून तुम्ही कंटाळला असाल, पण पूर्वी इथंही छान नव्हतं. १९७१ मध्ये या एवढ्याशा देशात ४०० हून जास्त मुलं रस्त्यावर मेली. लोक रस्त्यावर उतरले. आंदोलनाचं नावच "मुलांची हत्या थांबवा" असं होतं. वस्तीतले रस्ते मुद्दाम अरुंद, वळणाचे केले, गाडी जोरात जाऊच नये म्हणून. प्राथमिक शाळा संपायच्या सुमारास मुलं खऱ्या रस्त्यावर सायकलची परीक्षा देतात. हेल्मेट बहुतेक जण घालत नाहीत (प्लास्टरवाली ताई, मारू नका).

उलट इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं एकटी शाळेत जात, १९९० मध्ये ९ टक्के. त्या काळात तिथं मुलांचे अपघाती मृत्यू घटले. रस्ते सुधारले म्हणून नाही, मुलंच रस्त्यावरून उचलली म्हणून, असं ते मोजणाऱ्या संशोधकांचं म्हणणं. आपणही तेच करतोय. आकडे चांगले येतील.

पाना_पंधरा | रविवार, संध्याकाळी ५:५८

भाऊ, इथं गतिरोधक घालायला नगरसेवकाच्या मागं सहा महिने फिरलो. घातला, आणि पहिल्याच पावसात वाहून गेला. तुमचं ते वळण-बिळण कधी व्हायचं? पोराला सायकल उद्या पाहिजे.

टिळकचौक_ते_उट्रेक्ट | रविवार, संध्याकाळी ६:१०

ते खरंय. गप्प बसतो. शेंगाचटणी पाठवा.

कडकभाकरी | पुढचा रविवार, सकाळी १०:००

सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत नाही, काय केलं ते सांगते.

शेजारणीच्या मुलीची लेडीज सायकल मागून घेतली आणि सकाळी साडेसहाला त्याच्याबरोबर निघाले. पंचवीस वर्षांनी सायकलवर बसले. पहिल्या वळणावर तोच म्हणाला, "आई, हळू." त्याच्या मित्राच्या घरापर्यंत तो पुढं, मी मागं, एक शब्द न बोलता. बोलायचं नाही हे सगळ्यात अवघड गेलं.

मला काय वाटत होतं आणि काय निघालं! ट्रॉलीच्या धास्तीनं मी मेन रोड धरून बसले होते. तिथं हा बऱ्यापैकी थांबतो, दोन्हीकडं बघतो. घोळ आमच्याच कॉलनीत. बांधकामाची वाळू वळणावर पसरलेली, ब्रेक मारला की चाक घसरतं. एका चेंबरचं झाकण चार बोटं वर. आणि कोपऱ्यावर एक टेम्पो कायम उभा. त्याच्या शेजारी मी पोराच्या उंचीएवढी वाकून उभी राहिले तर पलीकडचा रस्ता दिसतच नाही. टेम्पो आणि आकाश. मी रोज तिथून जाते, मला सगळं दिसतं. त्याला "बघून जा" असं दोन वर्षं सांगतेय. काय बघणार होता?

मग टेम्पोच्या पुढं हळूच चाक काढायचं, थांबायचं, मान काढून बघायचं, मग जायचं, हे दहा वेळा करून घेतलं. मेन रोड उतरून, सायकल हातात धरून ओलांडायचा, डिव्हायडरला मधे थांबायचं. येणाऱ्या गाडीचा वेग त्याला अजून नीट कळत नाही, "लांब आहे" म्हणतो आणि ती दोन श्वासांत येते. म्हणून नियम एकच, गाडी दिसली की ती जाऊ द्यायची. मोठं वाहन वळायला लागलं की त्याच्या डाव्या अंगाला घुसायचं नाही, ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही, हे ह्यांनी त्याला ओळखीच्या एका ट्रकच्या केबिनमध्ये बसवून दाखवलं. खाली मी उभी होते, पोराला दिसले नाही. तेव्हापासून ट्रकला फार मान देतो.

विडी वळणाऱ्या बायका आमच्याकडं नाहीत. किराणा दुकानदार आहे, इस्त्रीवाला आहे आणि तिसऱ्या गल्लीत गॅलरीत दिवसभर बसणारे एक आजोबा आहेत. तिघांना जाऊन सांगितलं, हा आमचा, पडला तर फोन करा, चुकला तर ओरडा. आजोबांना इतका आनंद झाला की आता ते हवा कमी आहे यासाठीही फोन करतात.

आणि पोराशी बोलले. पडलास तर रागावणार नाही, लपवलंस तर रागावेन. "नक्की?" असं तीनदा विचारलं त्यानं. माझ्याबद्दल त्याचा अंदाज काय आहे ते कळलं.

हेल्मेट आणलंय. माझ्या गॅलरीतून दिसतं तोवर डोक्यावर असतं, पुढं हँडलला लटकतं. इस्त्रीवाल्याचा रिपोर्ट. यावर भांडण चालू आहे.

सासूबाई बोलत नाहीत माझ्याशी.

प्लास्टरवाली | रविवार, सकाळी १०:३५

हँडलला लटकलेलं हेल्मेट चाकात गेलं तर पुढच्या पुढं उलटेल तो. डोक्यावर नाहीतर घरी. हे त्याला माझ्या नावानं सांगा.

बाबा_दोन_मुलींचा | रविवार, दुपारी १२:१५

आमच्याकडं थोरलीनं हेल्मेटवर रंग मारून स्वतःचं नाव तेलुगू, कन्नड, मराठी तिन्हीत लिहून घेतलं, मैत्रिणींकडून. तेव्हापासून काढत नाही. बघा जमतं का. पोरांचं सांगता येत नाही.

फ्लॅट_४०२ | रविवार, दुपारी २:००

मला अजून पटलेलं नाही. पण मुलगा विचारत होता, होम मैदानावर सकाळी सायकल चालवता येते का? गड्ड्याची जत्रा भरली की जागा राहणार नाही ना?

जुना_लष्करकर | रविवार, दुपारी २:२०

संक्रांतीच्या आधीच जा. मी येतो, शिकवतो. कैची सोडून सगळं.

कडकभाकरी | रविवार, संध्याकाळी ६:२५

आत्ताच आला. दिवेलागणीच्या आत यायचं ठरलं होतं, पंचवीस मिनिटं उशीर. दोन्ही हात काळे, शर्टावर काळं. चेन पडली होती म्हणे, स्वतःच बसवली. कुठं पडली विचारलं तर नुसता हसला आणि हात धुवायला गेला. कोपर-मनगट-पोट सगळं बघून घेतलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आजोबांचा फोन येतोय.

पाना_पंधरा | रविवार, संध्याकाळी ६:४०

चेन सैल झाली असेल, मागचं चाक थोडं मागं ओढून घ्या. आणि चेनला गोडेतेल घालू नका बे कुणी, धूळ धरतं. मशीनचं तेल घाला.